कॅप्टनची जीभ

२८ सप्टेंबर १९६४

पलीकडच्या पोर्तुगीज ठाण्यावर शुक्रवारी गोळीबार झाला. इथे लिवेंब्याच्या ठाण्यात आज दिवसभर एकच गोंधळ. शिपाई वाळूच्या गोण्या रचतायत आणि कॅप्टन मला दर पाच मिनिटांनी हाक मारतोय. "विचार त्यांना, कोण होते? विचार, किती होते?" मी विचारतो. गावकरी म्हणतात, ठाऊक नाही. मी पोर्तुगीजमध्ये सांगतो, ठाऊक नाही. कॅप्टन माझ्यावरच खेकसतो, जणू मीच ते शब्द तयार केलेत.

मला ठाऊक आहे कोण होते. निदान एक तरी. माझा मेहुणा मापेंबे गेल्या आठवड्यापासून घरी नाही. जाण्याआधी माझ्या दारात येऊन म्हणाला होता, "दाजी, यायचंय का? नदीपलीकडे बंदुका मिळतात. तिथे तुम्हाला पोर्तुगीज बोलावं लागणार नाही."

"मग मला तिथे काय काम?" मी म्हणालो.

तो हसला. "तेच तर."

मिशनच्या शाळेत सात वर्षं छड्या खाऊन ही भाषा शिकलो. साऱ्या पठारावर माझ्याइतकं शुद्ध बोलणारे तिघं नसतील. आणि हा लाकूडतोड्या मला हसतो. फिर्मिनाला म्हणालो, तुझा भाऊ फासावर जाणार. तिने पीठ चाळणं थांबवलं नाही. म्हणाली, "जाईल तेव्हा दोरी तुम्हीच नेऊन द्याल."

आठ वर्षांच्या संसारात मूल नाही, मऊ शब्द नाही. हीच काय ती कमाई.

११ मार्च १९६५

सगळी वस्ती काटेरी तारेच्या कुंपणाआड आणली. ज्यांना आत यायचं नव्हतं त्यांच्या झोपड्या जाळल्या. सकाळी जाहीर करायचं काम माझं होतं. कर्णा हातात घेऊन मी सांगत होतो, "हे तुमच्याच रक्षणासाठी आहे," आणि मागे धूर. एका म्हातारीने विचारलं, "फाउस्तिनो, हे तू म्हणतोस की तो?" मी म्हणालो, तो म्हणतो. "मग तू काय म्हणतोस?" मी पुढच्या घराकडे गेलो.

अर्धं गाव आधीच पळून नदीपार टांगानिकात गेलं. सासूबाई गेल्या. फिर्मिनाही बोचकं बांधून बसली होती. मी दार अडवलं, तिला पुष्कळ सुनावलं. नवरा म्हणजे काय, घर म्हणजे काय, सगळं. ती घागर घेऊन दरीत पाण्याला गेली. पठारावर पाणी नाही, दोन तास उतरायचं आणि तीन तास चढायचं. परत आली ती संध्याकाळ होता होता. घागर उतरवली, बोचकं सोडलं, म्हणाली, "मी राहते."

माझं बोलणं इतकं लागेल असं वाटलं नव्हतं. बायकांना वेळ द्यावा लागतो हेच खरं.

२ जून १९६६

पुष्कळ दिवसांनी लिहितोय. गाव मला "कॅप्टनची जीभ" म्हणतं. तोंडावर नाही, पण मी वळलो की. विहिरीवर नाही, कारण विहीरच नाही. पण रांगेत, चर्चमध्ये, मळ्याच्या वाटेवर. माझ्याशी कुणी बसत नाही. नमस्कार केला तर खोकतात.

घरात मात्र थोडा बदल आहे. वर्षभरापासून फिर्मिना विचारते, "आज काय झालं ठाण्यात?" आधी विश्वास बसला नाही. मी सांगायला लागलो की ती शेंगा सोलत ऐकते, मधे मधे नेमकं विचारते. कुठला रस्ता? किती गाड्या? तो नवा सार्जंट कुठे निघालाय? अशी लक्ष देऊन ऐकणारी बायको मिळायला नऊ वर्षं लागली. कालचा अर्धा तास बरा गेला.

१६ जून १९६६

डावा पाय भाजलाय, फोड आलेत. बसूनच लिहितोय.

मंगळवारी तिला सांगितलं, बुधवारी सकाळी मला ट्रकमधून मुएडाला जायचंय, तिकडच्या दुभाष्याला ताप आलाय. बुधवारी पहाटे मी बूट घालत असताना तिने चुलीवरचं उकळत्या पेजेचं पातेलं उचललं आणि सरळ माझ्या पायावर ओतलं. हात निसटला म्हणे! मी तिच्या डोळ्यांत बघत होतो. हात निसटला नव्हता. मी तिच्या तोंडात मारली. आयुष्यात पहिल्यांदा. ती हललीसुद्धा नाही, म्हणाली, "आता जाता येणार नाही तुम्हाला. झोपा."

ट्रक माझ्याशिवाय गेला. अकराव्या मैलावर सुरुंग. सहा जण ठार, ज्या बाकावर मी बसतो तो बाक झाडावर अडकलेला सापडला.

कॅप्टन म्हणाला, "तुझं नशीब दांडगं रे." मी संत अंतोनीला मेणबत्ती लावली. देव वाईट माणसाच्या हातूनही चांगलं करवून घेतो, असं पाद्री सांगतात ते पटलं. पण तिला माफी नाही. तिला मला लंगडं करायचं होतं, मी वाचलो हा योगायोग.

२० ऑगस्ट १९६७

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो, कारण गावात उद्या वेगळंच बोललं जाईल.

आधी मुखवट्याचं सांगायला हवं. गेल्या महिन्यात पोरांच्या सुंतेनंतरचा नाच होता. कॅप्टनने परवानगी दिली होती. नाचाचे मुखवटे कोरतो तो म्हातारा शिंगाने. एक नाच्या आला, त्याच्या तोंडावर माझा चेहरा. माझं नाक, माझा भांग, आणि तोंडातून कोपरापर्यंत लोंबणारी लाल जीभ. नाच्या कॅप्टनसमोर वाकून जिभेने जमीन झाडत होता. बायका जमिनीवर लोळून हसत होत्या. कॅप्टनही हसला. म्हणाला, "हुबेहूब!" फिर्मिना हसली की नाही ते मला गर्दीत दिसलं नाही.

आज त्याच शिंगानेला पकडून आणलं. लाकूड आणायला तारेबाहेर गेला होता आणि परवान्यापेक्षा एक दिवस उशिरा आला. कॅप्टनने विचारलं, कुठे राहिलास? म्हातारा म्हणाला, "आमची माणसं भेटली. त्यांच्याकडे जेवलो, झोपलो."

आमची माणसं. आमच्या भाषेत याचा अर्थ नातेवाईक, कुळातले, असा होतो. आणि गेली तीन वर्षं जंगलातल्या बंदूकवाल्यांनाही लोक हेच म्हणतात. दोन्ही अर्थ खरे आहेत. दुभाष्याला एकच निवडावा लागतो.

मी निवडला.

"जंगलातल्या दहशतखोरांकडे जेवला, झोपला," असं सांगितलं.

शिंगानेला पोर्तुगीज येत नाही. पण कॅप्टनचा चेहरा बदललेला त्याने पाहिला आणि मग माझ्याकडे पाहिलं. "काय सांगितलंस रे पोरा?" मी म्हणालो, तू जे बोललास तेच. त्याला ट्रकमध्ये घालून किनाऱ्याकडे नेलं. त्याची बायको नामवाका फाटकाला धरून उभी होती. तिने आरडाओरडा केला नाही. फक्त माझं नाव घेतलं, पूर्ण नाव, आईच्या कुळासकट.

भाषांतर चूक नव्हतं. व्याकरणाने बघितलं तर मुळीच नाही.

३० सप्टेंबर १९६७

फिर्मिना बोलत नाही. चाळीस दिवस झाले. कसाव्याच्या पिठाचा उकडलेला गोळा माझ्यापुढे ठेवते आणि बाहेर जाऊन बसते. शिंगाने किनाऱ्यावरच्या तुरुंगात वारला असं कळलंय. हाडं कमकुवत होती म्हणे.

मी आज म्हणालो, "मी मारलं का त्याला? मी एक शब्द बोललो." ती पाण्याला निघून गेली.

३ ऑक्टोबर १९६७

आज बोलली. पाण्याहून आली, बसली, आणि म्हणाली, "काय झालं ठाण्यात?" आवाज दवाखान्यातल्या नर्ससारखा, डोळे चुलीकडे. पण विचारलं. मी सगळं सांगितलं. इतकं बोललो की घसा सुकला.

९ जुलै १९७०

हा चौथा कॅप्टन, वालादास. मोठी मोहीम चालू आहे. विमानं सकाळपासून. छत्रीने उतरणारे सैनिक, तोफा, यंत्रांनी पाडलेली झाडं. म्हणतात पावसाळ्याआधी लढाई संपणार. मी पहिल्यांदाच नकाशा जवळून पाहिला. कुठल्या ओढ्यापाशी त्यांचा मोठा तळ आहे, कुठल्या दिवशी तिथे घुसायचं, सगळं मला ठाऊक होतं, कारण तिथून पकडलेल्या माणसाचं बोलणं मीच सांगितलं.

घरी सांगितलं तेव्हा फिर्मिनाने शेंग सोलणं थांबवलं. "ओढ्याच्या कुठल्या बाजूने?" मी जमिनीवर काटकीने काढून दाखवलं. मला वाटलं, आता तरी हिला कळेल नवरा कुठे बसतो, काय बघतो.

१७ जुलै १९७०

तळ रिकामा सापडला. चुलीतली राखसुद्धा थंड. वाटेत दोन सुरुंग. वालादास पिसाळलाय. "कुणीतरी बोलतंय," टेबलावर मूठ आपटून म्हणाला. "ए दुभाष्या, कोण बोलतंय?"

"मला काय ठाऊक, कॅप्टनसाहेब?"

ठाण्यातल्या आचाऱ्याला धरलं. त्याच्या तळहातांवर लाकडी पळीने मारलं, हात फुगून पावासारखे झाले. तो ओरडत होता ते मी भाषांतर करत होतो. ओरडण्याचं भाषांतर करावं लागत नाही, तरी वालादास म्हणाला, कर.

बिचारा आचारी. त्याला मोहिमेचं काहीच ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते कॅप्टनला, दोन लेफ्टनंटांना आणि मला. मी तर घराबाहेर कुणाशी बोलतही नाही.

(इथे एक ओळ लिहिली होती. खोडली.)

१८ जुलै १९७०

आज घरी जाताना ठरवलं होतं, गप्प बसायचं. पाय लंगडतोय, उन्हात उशीर झाला. दारात फिर्मिना बसली होती. म्हणाली, "दमलात? काय झालं आज?"

सांगितलं.

सबंध दिवसात माझ्याशी माणसासारखं बोलणारं दुसरं कोण आहे? लेफ्टनंट शिट्टी वाजवून बोलावतो. चर्चमध्ये माझा बाक रिकामा असतो. मग काय करावं माणसाने, भिंतीशी बोलावं?

५ मे १९७२

दुपारी ट्रकमधून एक मेलेला आणला. रस्त्यालगतच्या चकमकीत मारलेला. ठाण्यासमोर ताडपत्रीवर ठेवला आणि एकेका गावकऱ्याला समोरून नेलं. कुणी ओळखतं का बघायला. ओळख पटली की मेलेल्याच्या घरच्यांना उचलायचं, हा नियम.

शेवटी वालादास मला म्हणाला, "तू बघ."

दाढी वाढली होती, गाल आत गेले होते. डाव्या हाताची करंगळी अर्धी. लग्नाच्या वर्षी माझ्याच दारात फणसाचं लाकूड तोडताना तुटली होती. मीच फडकं बांधलं होतं तेव्हा.

"इथला नाही," मी म्हणालो. "दात कानशीने टोकदार केलेत ते आमच्यासारखे नाहीत. दक्षिणेकडचा असावा."

उगाच घरी झडती, चौकशा, कागद. मला तो त्रास नको होता. म्हणून.

घरी तिने विचारलं, काय झालं आज. मी पुष्कळ वेळ बूट काढत बसलो. मग म्हणालो, "एक मेलेला आणला. करंगळी अर्धी होती. मी सांगितलं, ओळखत नाही."

ती उठली. चुलीवरचं भांडं ढवळायला लागली. ढवळत राहिली, करपल्याचा वास यायला लागला तरी ढवळत राहिली. मग म्हणाली, "उद्या पाण्याला लवकर जाईन."

मी तिच्या पाठीवर हात ठेवावा असं वाटलं. ठेवला नाही. तिने झटकला असता.

१ मे १९७४

त्यांच्या राजधानीत त्यांच्याच सैन्याने त्यांचं सरकार पाडलं. रेडिओवर दोन दिवस तेच. इथले शिपाई नाचतायत, बिअर पितायत, मोठ्याने रडतायत. मी कितवा तरी कॅप्टन बघतोय, हा तर पंचवीस वर्षांचा पोरगा. म्हणाला, "संपलं फाउस्तिनो! आम्ही घरी चाललो!"

"आणि माझं काय, कॅप्टनसाहेब?"

त्याला प्रश्नच कळला नाही. "तुझं काय? तू तर घरीच आहेस ना."

१४ सप्टेंबर १९७४

शिपाई गेले, आणि परवा जंगलातले बंदूकवाले आले. दोनशे जण, रांगेत, शांतपणे. पुढे एक बाई. कमांडर. पस्तिशीची, खांद्यावर बंदूक, सगळ्यांना "सोबती" म्हणते. तारेचं कुंपण पहिल्याच दिवशी कापलं. गाव रडत हसत होतं. मी घरात बसलो होतो. फिर्मिना बाहेर गेली ती आलीच नाही.

आज आंब्याखाली सभा. ज्यांनी पोर्तुगीजांची चाकरी केली त्यांना पुढे बसवलं. आम्ही नऊ जण. एकेकाला उभं करून गावाला विचारतात, याने काय केलं? गाव सांगतं. माझं नाव आलं तेव्हा आधी हशा झाला. मग कुणीतरी ओरडलं, "जीभ कापा!"

आणि फिर्मिना उठली. कमांडरच्या शेजारून उठली. तिथे ती बसलेली मी पाहिलंच नव्हतं, बघायचं टाळलं होतं.

"सोबत्यांनो," ती म्हणाली. माझी बायको, जी घरात दहा शब्द सलग बोलत नाही. "पासष्ट सालापासून ठाण्यातली प्रत्येक बातमी मी दरीत पोचवली. कुठली गाडी, कुठला रस्ता, कुठला दिवस. मोठ्या मोहिमेत ओढ्यावरचा तळ एका दिवसात हलवला, तिथे चारशे माणसं होती, पोरंबाळं होती. ती बातमी मला याने दिली. सगळ्या बातम्या याने दिल्या. माझ्या भावाचं प्रेत समोर असताना याने त्याचं नाव सांगितलं नाही. बाकी तुम्ही ठरवा."

ती बसली. माझ्याकडे बघितलं नाही.

दहा वर्षं. ते अर्धे तास. शेंगा. "कुठल्या बाजूने?" मला राग आला. मला भांड्यासारखं वापरलं होतं. रोज बुडवायचं, भरायचं, रिकामं करायचं.

कमांडर माझ्याकडे वळली. "सोबती फाउस्तिनो." सोबती म्हणाली! "तुम्हाला ठाऊक होतं का, तुमचे शब्द कुठे जात होते?"

मला कळलं, दार उघडलं गेलंय. "हो" एवढंच म्हणायचं. मग मी जीभ नाही, मग मी दहा वर्षं शत्रूच्या घरात राहिलेला शूर माणूस. पोरं माझ्या पायाशी बसतील. मी तोंड उघडलं.

तेवढ्यात मागून नामवाका उठली. म्हातारी झालीय, काठी टेकत पुढे आली. ओरडली नाही.

"ठाऊक होतं म्हणशील तर म्हण, फाउस्तिनो. तुझ्या बायकोचं मी ऐकलं. पण मग मला सांग, तू आमचा होतास, तर माझ्या शिंगानेसाठी तो शब्द का निवडलास? दोन होते ना तुझ्याकडे?"

तिला कुणी सांगितलं होतं? सात वर्षांत कुणालाही समजलं नसेल असं मला वाटत होतं.

मी फिर्मिनाकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती आता, आणि तिच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. ती मला खूण करत होती. म्हणा. म्हणून टाका.

"ठाऊक नव्हतं," मी म्हणालो. "मला वाटलं, बायको माझ्याशी बोलतेय. शिंगानेचा शब्द मी रागाने निवडला. त्याने माझा मुखवटा केला होता म्हणून."

इतका साधा, इतका नेमका मी कुठल्याच भाषेत कधी बोललो नव्हतो.

नामवाकाने मान हलवली, जणू पिठाचं माप बरोबर भरलं. आणि काठी टेकत जागेवर गेली.

१६ सप्टेंबर १९७४

दक्षिणेकडच्या एका शेतावर नेतायत. काम करायचं, नवा माणूस व्हायचं. किती वर्षं ते सांगत नाहीत.

फिर्मिना कोठडीत भेटायला आली. दारातच उभी राहिली.

"मूर्ख आहात तुम्ही," म्हणाली.

"तू मला दहा वर्षं फसवलंस."

"हो. आणि दहा वर्षं रोज खाली सांगत होते, त्याला मारू नका, तो उपयोगाचा आहे. तीनदा ठरलं होतं तुमचं. एक 'हो' म्हणता आलं नाही? एवढे शब्द वाया घालवलेत आयुष्यभर."

"तुला काय वाटतं," मी विचारलं, "मला खरंच ठाऊक नव्हतं?"

"ते तुमचं तुम्ही बघा," ती म्हणाली.

१९ सप्टेंबर १९७४

ट्रक वाटेत बिघडलाय, झाडाखाली बसलोय. पहारेकऱ्याने हा कागद दिला. तो दक्षिणेचा आहे, आमची भाषा त्याला येत नाही, पोर्तुगीज येतं. आम्हा नऊ जणांत मी सोडून कुणी त्याच्याशी बोलू शकत नाही. तेव्हा आता त्याची जीभ मीच.

निघतानाचं लिहायचं राहिलं.

ट्रक सुरू होताना फिर्मिना आली आणि पहारेकऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. आमच्या भाषेत बोलायला लागली. तो गोंधळला, माझ्याकडे वळला. "काय म्हणतेय ही बाई?"

ती म्हणत होती, "हा माणूस खोटं बोलून सुटू शकत होता. सगळ्या गावासमोर. तो बोलला नाही. जिथे नेताय तिथल्या साहेबाला हे कळू दे. लिहून घ्या."

मी वीस वर्षं दुसऱ्यांचे शब्द बिनचूक पोचवलेत. शिव्या पोचवल्या, धमक्या पोचवल्या, मरणाऱ्याचं ओरडणं पोचवलं. हे चार शब्द माझ्या तोंडातून निघेनात.

"ती म्हणते," मी पोर्तुगीजमध्ये सांगितलं, "की प्रवास लांबचा आहे. लोकांना पाणी द्या."

पहारेकरी म्हणाला, देऊ.

फिर्मिना ऐकत होती. दहा वर्षं रोज माझ्याकडून ठाण्यातलं सगळं ऐकून तिला पोर्तुगीज कितपत समजायला लागलं होतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. तिने मला बाजूला सारलं, पहारेकऱ्याकडे बघितलं आणि मोडक्यातोडक्या, सगळं व्याकरण चुकलेल्या पोर्तुगीजमध्ये सगळं पुन्हा, स्वतःच सांगितलं.

त्याने वही काढून लिहून घेतलं.